सिसिलीच्या गंधकाचा भाव

एप्रिल 1840 मध्ये ब्रिटिश आरमाराने भूमध्य समुद्रात नेपल्सच्या राज्याची व्यापारी जहाजे पकडायला सुरुवात केली. पकडलेली जहाजे माल्टाच्या बंदरात नेऊन अडकवून ठेवली. आरमाराचा प्रमुख होता अ‍ॅडमिरल रॉबर्ट स्टॉपफर्ड आणि हुकूम होता परराष्ट्रमंत्री लॉर्ड पामरस्टनचा. नेपल्सच्या दरबारात ब्रिटनचा वकील म्हणून त्या वेळी बसला होता पामरस्टनचा सख्खा भाऊ विल्यम टेंपल. राजा दुसरा फर्डिनांड याने सिसिलीच्या किनाऱ्यावर फौज हलवली. दोन ख्रिस्ती राजवटी युद्धाच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. धर्म, सीमा किंवा वारसा यांपैकी कशाचाही हा तंटा नव्हता. तो होता गंधकाच्या दराचा.

गंधकासाठी जहाजे धाडावीत एवढे काय होते त्यात, हे समजायला इंग्लंडच्या कापडगिरण्यांकडे पाहावे लागते. कापड गिरणीतून बाहेर पडले की ते धुवायचे, उजळायचे, रंगवायचे. धुण्याला साबण हवा, साबणाला सोडा हवा. काचेला सोडा, कागदालाही सोडा. पूर्वी हा सोडा समुद्रवनस्पतींच्या राखेतून येई आणि तो कधी पुरत नसे. निकोला लेब्लां या फ्रेंच वैद्याने 1791 मध्ये साध्या मिठापासून सोडा करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. त्या कृतीची पहिली पायरी म्हणजे मिठावर गंधकाम्ल ओतणे. गंधकाम्ल शिशाच्या मोठ्या खोल्यांत करण्याची पद्धत जॉन रोबकने बर्मिंगहॅमला 1746 मध्येच सुरू केली होती. मिठावरची जकात 1825 मध्ये उठली आणि लिव्हरपूल, ग्लासगो, टाइन नदीचा काठ इथे सोड्याचे कारखाने भराभर उभे राहिले. मीठ घरचे, कोळसा घरचा, चुनखडी घरची. गंधक मात्र बाहेरून आणावे लागे आणि विकत घेता येईल एवढे गंधक त्या काळी जगात एकाच जागी निघत होते. ती जागा म्हणजे सिसिली.

युस्टुस फॉन लीबिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने त्याच सुमारास लिहून ठेवले की, एखाद्या देशाचा व्यापार किती भरभराटीला आला आहे हे पाहायचे असेल तर तिथे गंधकाम्ल किती खपते ते पाहावे. ही कसोटी पुढे शंभर वर्षे अर्थशास्त्राच्या पुस्तकांत वापरली गेली. मला तिच्यात एक उणीव दिसते. आम्ल जिथे खपते त्या देशाची श्रीमंती ती मोजते. आम्लासाठी लागणारा दगड ज्यांच्या पाठीवरून जमिनीवर येतो त्यांचा हिशेब तिच्यात येत नाही.

फर्डिनांडला हा हिशेब आपल्या परीने मांडायचा होता, असे म्हणायला जागा आहे. सिसिलीच्या खाणमालकांनी 1830 च्या दशकात इतके गंधक काढले की भाव कोसळले. जिरगेंती आणि लिकाता इथल्या धक्क्यांवर माल पडून राहू लागला आणि इंग्रज व्यापारी तो पडेल भावात उचलू लागले. अशा वेळी मार्सेयच्या तेक्स-एकार या फ्रेंच पेढीने राजापुढे एक योजना ठेवली. बेटावर साधारण 9 लाख कांतार गंधक निघत होते. ते 6 लाखांवर आणायचे, म्हणजे आजच्या मापाने पन्नास हजार टनांच्या आतच. जे काढायचे नाही त्याची भरपाई मालकांना द्यायची. निघालेला सगळा माल ठरल्या दराने पेढीने घ्यायचा आणि परदेशी विकायचा. मोबदल्यात पेढी राजाला दरवर्षी 4 लाख डुकाट देणार, शिवाय बेटावर रस्ते बांधणार आणि गंधकाम्लाचा कारखानाही काढणार. जुलै 1838 मध्ये हा मक्ता मंजूर झाला.

कारखान्याचे ते कलम मला फार महत्त्वाचे वाटते. कच्चा दगड विकून तयार सोडा परत विकत घेणारे बेट स्वतः आम्ल करू लागले असते तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता. पण पेढीला रस होता भावात. टनाला 5 पौंडांच्या आसपास मिळणारे गंधक लवकरच 14 पौंडांना जाऊ लागले.

इंग्लंडात हाहाकार उडाला. सोडा करणारे, साबण करणारे, काच करणारे सगळे पार्लमेंटच्या दारात गेले. सिसिलीत खाणी भाड्याने घेतलेले इंग्रज व्यापारी 1816 चा व्यापारी करार दाखवू लागले. त्या करारानुसार नेपल्सच्या राज्यात ब्रिटिश प्रजेला व्यापाराची मोकळीक होती, मग मक्ता कसा देता येतो? नेपल्सचा परराष्ट्रमंत्री कस्सारोचा प्रिन्स याचे मत तडजोडीच्या बाजूचे होते. राजाने त्यालाच पदावरून काढले. मग आली ती जहाजांची पकडापकडी. शेवटी फ्रान्सने मध्यस्थी केली, जुलै 1840 मध्ये मक्ता रद्द झाला आणि पकडलेली जहाजे सुटली. नुकसानभरपाई मात्र नेपल्सच्या खजिन्यातून गेली.

हे प्रकरण इतिहासात सहसा इथेच संपवतात. बलाढ्य आरमाराने दुबळ्या राजाला वाकवले, एवढेच त्यातून सांगितले जाते. माझ्या मते त्या दोन वर्षांत जे घडले ते तोफांच्या जोरावर घडलेल्या कशाहूनही मोठे होते. गंधक महाग होताच इंग्लंडातल्या कारखानदारांनी पायराईटकडे नजर वळवली. पायराईट म्हणजे लोह आणि गंधक यांचे पिवळे चमकदार खनिज. आयर्लंडच्या विकलो परगण्यात ते भरपूर होते. 1839 मध्ये टॉमस फार्मर नावाच्या लंडनच्या कारखानदाराने पायराईट जाळून आम्ल करायला सुरुवात केली. त्याच्या मागोमाग इतरांची पेटंटे आली. मक्ता रद्द झाला, भाव खाली आले, तरी ज्यांनी भट्ट्या बदलल्या होत्या त्यांतल्या बहुतेकांनी त्या परत पूर्वीसारख्या केल्या नाहीत. पुढे स्पेनचे पायराईट आले. ग्लासगोच्या भांडवलावर 1866 मध्ये थार्सिस कंपनी निघाली आणि 1873 मध्ये ह्यू मॅथेसनच्या मंडळीने रिओ टिंटोच्या खाणी स्पेनच्या सरकारकडून विकत घेतल्या. त्या दगडातून गंधक जाळून झाल्यावर तांबे निघे, ते वेगळे विकले जाई. म्हणजे आम्लासाठीचे गंधक जवळजवळ तांब्याबरोबरची वरकड म्हणून पडू लागले. गंधकाम्लाचा ब्रिटिश बाजार सिसिलीच्या हातून गेला तो गेलाच.

तरीही बेट पुढे साठ वर्षे गंधकावरच जगले, कारण नवे गिऱ्हाईक मिळत गेले. 1850 च्या दशकात युरोपच्या द्राक्षवेलींवर भुरी आली. पानांवर, मण्यांवर पिठासारखी पांढरी बुरशी चढायची आणि सबंध हंगाम हातचा जायचा. गंधकाची बारीक भुकटी धुरळली की ती आटोक्यात येते असे आढळले, आणि फ्रान्स, इटली, स्पेनचे द्राक्षबागायतदार सिसिलीचे गिऱ्हाईक झाले. नाशिक-सांगलीकडच्या बागायतदाराला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायची गरज नाही. भुरी आणि गंधक ही जोडी त्याच्या हंगामी खर्चात आजही असते. तासगावचा बेदाणा गंधकाची धुरी घेऊन पिवळाधमक होतो आणि आपल्या साखर कारखान्यांत उसाचा रस गंधकाच्या धुराने स्वच्छ करूनच पांढरी साखर निघते. पुढे अमेरिकेत लाकडाचा लगदा गंधकाच्या साहाय्याने करून कागद निघू लागला. आगपेटी, बंदुकीची दारू, रबर टणक करणे हे उपयोग होतेच. या सगळ्याला शुद्ध गंधक लागे, पायराईट चालत नसे. विसावे शतक उजाडले तेव्हा सिसिली वर्षाला पाच लाख टनांहून जास्त गंधक काढत होती आणि जगातल्या शुद्ध गंधकाच्या बाजारात तिला प्रतिस्पर्धी नव्हता म्हटले तरी चालेल.

आता हे गंधक निघत कसे होते, ते पाहू. इथे मला घाई करायची नाही.

सिसिलीच्या मध्यभागी काल्तानिस्सेत्ता आणि जिरगेंती, म्हणजे आजचे आग्रिजेंतो, यांच्या भोवतालच्या टेकड्यांत चुनखडी आणि जिप्समच्या थरांमध्ये गंधक मिसळलेले असते. चांगल्या दगडात शंभरात वीस-पंचवीस भाग गंधक. बेटाचा कायदा असा होता की, जमीन ज्याची त्याचेच पोटातले गंधक. त्यामुळे मोठ्या एकसंध खाणी झाल्याच नाहीत. शेकडो लहान लहान विवरे झाली. जमीनदार शहरात राहायचा आणि खाण काही वर्षांच्या बोलीवर ‘गाबेल्लोतो’ला, म्हणजे मक्तेदाराला द्यायचा. निघालेल्या मालातला पाचवा, चौथा, कधी त्याहून मोठा हिस्सा जमीनदाराचा. मुदत संपली की मक्तेदाराने उभे केलेले सगळे जमीनदाराकडे जाणार, मग तो यंत्रावर, रुळांवर, पाणी उपसण्याच्या पंपावर पैसा कशाला घालील? मुदतीच्या आत जेवढे ओरबाडता येईल तेवढे ओरबाडायचे, हाच त्याचा धंदा. मक्तेदाराच्या खाली ‘पिक्कोनिएरे’, टिकाव घेऊन दगड फोडणारा खाणकामगार. त्याला मजुरी मिळे ती बाहेर आलेल्या दगडावर. दगड बाहेर न्यायला त्याने स्वतः माणसे लावायची. ती माणसे म्हणजे ‘कारूसी’. कारूसो म्हणजे सिसिलीच्या बोलीत पोरगा.

पोरे सात-आठ वर्षांची असत, कधी त्याहूनही लहान. खाणकामगार पोराच्या बापाला आगाऊ रक्कम देई, शंभर-दीडशे लिरा. त्या रकमेला ‘सोक्कोर्सो मोर्तो’ म्हणत. ती फिटेपर्यंत पोरगा त्या कामगाराचा. मजुरी इतकी तुटपुंजी की ती वर्षानुवर्षे फिटत नसे. मराठी वाचकाला याच्यासाठी शब्द शोधावा लागत नाही. ऊसतोडीच्या टोळ्यांना मुकादम देतो ती उचल; तीच ही, आणि कुटुंबाला ती जशी बांधून टाकते तशीच तिथेही बांधून टाकत होती.

लेओपोल्दो फ्रांकेत्ती आणि सिद्नी सोन्नीनो या दोन तरुणांनी 1876 मध्ये सिसिलीत फिरून जी पाहणी केली तिच्यात या पोरांवर वेगळे प्रकरण आहे. सोन्नीनो पुढे इटलीचा पंतप्रधान झाला. त्यांनी लिहिले आहे ते वाचवत नाही. लहानांच्या पाठीवर पंचवीस-तीस किलो, सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या पाठीवर सत्तर-ऐंशी किलो. खडकात खोदलेल्या उभ्या, ओल्या, मोडक्या पायऱ्या. खाली इतकी उष्णता की अंगावर कपडा ठेवता येत नसे, आणि वर येताच डोंगराचा गार वारा. दिवसभरात वीस-पंचवीस खेपा. पोर मागे पडले की मागून हातातल्या दिव्याने पोटरीला चटका. सैन्यभरतीसाठी या गावांतले तरुण पुढे आले की डॉक्टर त्यांना मोठ्या संख्येने परत पाठवत. छाती दबलेली, खांदा उतरलेला, उंची खुंटलेली.

12 नोव्हेंबर 1881 रोजी काल्तानिस्सेत्ताजवळच्या जेस्सोलुंगो खाणीत वायूचा स्फोट झाला. पासष्ट माणसे मेली, त्यांत एकोणीस कारूसी होते. त्यांतल्या नऊ मुलांची ओळखही पटली नाही. खाणीजवळ त्यांची दफनभूमी आजही आहे.

त्यानंतर 1886 मध्ये कायदा आला: दहा वर्षांखालच्या मुलाला जमिनीखाली नेऊ नये. कायदा पाळला जातो की नाही हे पाहायला शेकडो खाणी आणि मोजके निरीक्षक. बाप स्वतःच मुलाचे वय वाढवून सांगे, कारण उचल आधीच खर्च झालेली असे.

दगड वर आला की तो वितळवायचा. त्यासाठी सिसिलीत लाकूड नाही, कोळसा नाही. म्हणून गंधकच जाळून गंधक वितळवत. उतारावर गोल खड्डा, त्यात दगडाची रास, वरून मातीचा थर. वरच्या बाजूने आग लावायची. काही गंधक जळे, त्याच्या उष्णतेने उरलेले वितळून तळाशी वाहत येई. याला ‘काल्कारोने’ म्हणत. एक रास कित्येक आठवडे धुमसत राही. एकूण गंधकातला जवळजवळ तिसरा हिस्सा धूर होऊन हवेत जाई, आणि तो धूर शेजारच्या बदाम-ऑलिव्हच्या बागा जाळून टाकी. पिके उभी असताना भट्ट्या पेटवू नयेत असे नियम करावे लागले. रॉबर्ट गिल नावाच्या इंग्रजाने 1880 मध्ये एकमेकांना जोडलेल्या खोल्यांची सुधारलेली भट्टी काढली, तिच्यात नासाडी कमी होती. पण ती बांधायला पैसा लागे आणि मक्तेदाराची मुदत तर संपत आलेली असे.

असा हा माल. त्याचा भाव मात्र लंडन, मार्सेय आणि न्यूयॉर्क इथे ठरायचा. 1891 ते 1895 या चार वर्षांत भाव निम्म्यावर आला. युरोपात सोडा करण्यासाठी लेब्लांच्या जागी सोल्व्हेची नवी पद्धत आली होती, तिला गंधकाम्ल लागतच नव्हते. ज्यांच्याकडे लेब्लांचे जुने कारखाने उरले होते ते अ‍ॅलेक्झांडर चान्सच्या पद्धतीने आपल्याच कचऱ्याच्या ढिगातून गंधक परत काढू लागले होते. भाव उतरला की जमीनदाराचा हिस्सा हलत नव्हता; मक्तेदार कामगाराची मजुरी कापे आणि कामगार पोराची. त्याच वर्षांत सिसिलीत ‘फाशी’ नावाच्या शेतकरी-कामगार संघटना उभ्या राहिल्या. नाव सारखे असले तरी मुसोलिनीच्या पक्षाशी त्यांचा काही संबंध नाही. ऑक्टोबर 1893 मध्ये ग्रोत्ते या गावात खाणकामगारांची परिषद भरली, दीड हजारांच्या आसपास माणसे आली. त्यांच्या पहिल्या मागण्यांत एक होती: चौदा वर्षांखालचे पोर खाणीत नको. स्वतः कारूसी राहिलेली, वाकलेल्या पाठीची माणसे ही मागणी करत होती, आणि तिने त्यांची स्वतःची मिळकतच घटणार होती. या परिषदेबद्दल आपल्याकडे कोणी लिहिलेले मला वाचायला मिळाले नाही. कामगारांच्या इतिहासात तिची जागा फार मानाची असायला हवी. तीन महिन्यांतच, जानेवारी 1894 मध्ये, पंतप्रधान क्रिस्पीने बेटावर लष्करी कायदा लावून संघटना मोडल्या. क्रिस्पी स्वतः सिसिलीचाच होता.

भाव सावरला तो 1896 मध्ये, आणि पुन्हा इंग्रज भांडवलाने. लंडनला ‘अँग्लो-सिसिलियन सल्फर कंपनी’ निघाली. पालेर्मोचे प्रसिद्ध उद्योगपती फ्लोरिओ तिच्या मागे होते. बेटावरच्या बहुतेक उत्पादकांशी कंपनीने ठरल्या दराचे करार केले, म्हणजे तेक्स-एकारची जुनी योजनाच नव्या रूपात आणली, या वेळी इंग्लंडच्या संमतीने. दर चढला, निर्यात वाढली, दहा वर्षे बरी गेली. चढलेल्या दरातला जमीनदाराचा वाटा आपोआप चढला. खाणी होत्या तशाच राहिल्या.

अटलांटिकच्या पलीकडे मात्र याच दराकडे एक माणूस लक्ष ठेवून होता. हेरमान फ्राश, जन्म 1851, जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गचा. सोळा-सतराव्या वर्षी अमेरिकेला गेला, औषधांच्या दुकानात काम करता करता रसायनशास्त्र शिकला आणि रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलला गंधकाची दुर्गंधी येणारे तेल शुद्ध करून देऊन श्रीमंत झाला. लुइझियानात लेक चार्ल्सजवळ तेलाचा शोध घेताना 1860 च्या दशकाच्या अखेरीस जमिनीखाली गंधकाचा मोठा थर सापडला होता. पण वर जवळजवळ 500 फुटांचे आवरण, त्यात पाण्याने भरलेली वाहती वाळू, आणि खाली विषारी वायू. उभी विहीर खणण्याचे प्रयत्न फसले, त्यांत माणसेही मेली. फ्राशने विचार केला की गंधक 115 अंश सेल्सियसच्या आसपास वितळते, तर मग माणूस खाली न्यायचाच कशाला? एकात एक नळ्या घालून खाली सोडायच्या, एकीतून दाबाखाली तापवलेले 160 अंशांच्या वरचे पाणी पाठवायचे, वितळलेले गंधक दुसरीतून वर आणायचे. एका नावाजलेल्या माणसाने म्हणे सांगून टाकले होते की, फ्राशने असे गंधक काढले तर त्याचा कण न् कण मी खाईन.

डिसेंबर 1894 मध्ये पंप सुरू झाला आणि सोनेरी द्रव उसळून वर आला. जवळची चाळीस पिंपे काही मिनिटांत भरली. मग माणसांनी धावपळ करून मातीचे बांध घातले, त्यांना फळ्या लावल्या आणि गंधक त्यात सोडले. दुसऱ्या दिवशी ते गोठून पिवळे झाले होते. शुद्धता साडेनव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त, भट्टीची गरजच नाही.

पण पाणी तापवायला जळण लागे आणि लुइझियानात कोळसा महाग होता, म्हणून काही वर्षे हा शोध तोट्यातच चालला. जानेवारी 1901 मध्ये शेजारच्या टेक्ससमध्ये स्पिंडलटॉपची तेलविहीर उसळली. तेल मातीमोल झाले आणि फ्राशचे गंधक स्वस्त झाले. त्याच्या युनियन सल्फर कंपनीने आधी अमेरिकेची बाजारपेठ घेतली, जी सिसिलीची सर्वात मोठी होती. मग माल भरलेली जहाजे थेट मार्सेयला आली. 1906 मध्ये अँग्लो-सिसिलियनची मुदत संपली तेव्हा कंपनीने ती वाढवली नाही. सिसिलीच्या गोदामांत न विकलेल्या मालाचे डोंगर उभे होते. रोमच्या सरकारने सगळ्या उत्पादकांना सक्तीच्या सहकारी संघात, कन्सोर्त्सिओत, बांधले आणि पुढे त्या संघाने अमेरिकन कंपनीशी बाजार वाटून घेण्याचा करार केला. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर अमेरिका उत्पादनात इटलीच्या पुढे गेली. फ्राश 1914 मध्ये पॅरिसला वारला.

त्या काळात सिसिलीत काय चालले होते याची साक्ष एका अमेरिकन माणसाने दिली आहे. गुलामीत जन्मलेले कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन 1910 मध्ये युरोपातल्या सर्वात खालच्या थरातल्या माणसांची स्थिती पाहायला निघाले होते. कांपोफ्रांकोच्या गंधकाच्या खाणीत ते उतरले आणि कारूसी पाहून त्यांनी लिहिले की, या जन्मी नरकाच्या याहून जवळ जाणे आपल्याला शक्य वाटत नाही. गुलामी स्वतः पाहिलेल्या माणसाचे हे मत आहे. लेखक लुइजी पिरांदेल्लोच्या घराचीही गोष्ट याच काळातली. वडिलांचा धंदा गंधकाचा. 1903 मध्ये आरागोनाजवळची खाण पाण्याखाली गेली आणि वडिलांचे भांडवल, सुनेचा हुंडा, सगळे बुडाले. पिरांदेल्लोच्या पत्नीचे मानसिक आरोग्य त्या धक्क्यातून कधीच सावरले नाही. त्याची च्याउला नावाच्या खाणमजुराची कथा वाचताना हे ठाऊक असावे.

युद्धांमधल्या काळात अमेरिकन कंपन्यांनी निर्यातीसाठी ‘सल्एक्स्को’ ही एकच विक्रीसंस्था केली आणि सिसिलीच्या संघाशी पुन्हा बाजार वाटून घेतला. मोठा वाटा अमेरिकेचा, चौथ्या हिश्शाच्या आसपास इटलीचा. दुसऱ्या महायुद्धानंतर 1950-51 मध्ये गंधकाची जागतिक टंचाई आली, अमेरिकेने निर्यात रोखून धरली आणि वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय समिती बसून देशादेशांना गंधक वाटून देऊ लागली. भारताला ही टंचाई चांगलीच जाणवली. मुंबईच्या धरमसी मोरारजी कंपनीने पहिल्या महायुद्धानंतर अंबरनाथला गंधकाम्लाचा आणि सुपरफॉस्फेटचा कारखाना काढला होता, देशात इतरत्रही कारखाने होते. पण गंधकाचे म्हणण्यासारखे साठे भारतात नाहीत, सगळे बाहेरून येणार. बिहारमध्ये अमझोर इथे पायराईट काढण्याचा सरकारी प्रकल्प पुढे 1960 च्या दशकात निघाला तो याच चिंतेतून.

टंचाईच्या त्या वर्षात सिसिलीचे गंधक पुन्हा चढ्या भावाने जात होते. 1951 मध्ये लेर्कारा फ्रिद्दी इथल्या खाणीत सतरा वर्षांचा एक मुलगा दरडीखाली सापडून मेला. त्या दिवसाचे जे तास तो भरू शकला नाही त्यांची मजुरी कापली गेली. त्याला बाहेर काढण्यासाठी ज्यांनी काम थांबवले त्यांचीही कापली गेली. गाव संपावर गेले. लेखक कार्लो लेव्ही तिथे जाऊन आला आणि त्याने ते सविस्तर लिहिले, म्हणून आपल्याला कळते. बाजारात भाव उंच होता तेव्हाची ही गोष्ट आहे, हे मला मुद्दाम नोंदवायचे आहे. सव्वाशे वर्षांच्या या कहाणीत भाव पडला तेव्हा मजुरी पडली हे दिसते. भाव चढला म्हणून कारूसोच्या पाठीवरचे ओझे कमी झाले असे एकही वर्ष मला सापडलेले नाही.

टंचाई सरली आणि गंधकाचा तिसराच स्रोत पुढे आला. फ्रान्समध्ये लाक इथे सापडलेल्या नैसर्गिक वायूत हायड्रोजन सल्फाइड खच्चून भरलेला होता. तो काढल्याशिवाय वायू विकता येत नव्हता. क्लाउसने 1883 मध्ये काढलेल्या पद्धतीने त्याचे गंधक होई. 1957 पासून लाकचे गंधक बाजारात आले, मग कॅनडातल्या आल्बर्टाचे. पुढे मोटारींच्या धुराचे नियम कडक झाले, डिझेल-पेट्रोलमधून गंधक काढणे सक्तीचे झाले आणि मुंबईच्या माहूलसकट जगभरच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत पिवळे ढीग पडू लागले. सिसिलीच्या खाणी सरकारी अनुदानावर रेटत रेटत 1980 च्या दशकात बंद झाल्या. फ्राशच्या पद्धतीने चालणारी अमेरिकेतली शेवटची खाण, लुइझियानाच्या किनाऱ्याबाहेर समुद्रातली मेन पास, 2000 साली बंद झाली. तिला बुडवले तेही दुसऱ्या कशाची तरी वरकड म्हणून निघणाऱ्या गंधकानेच.

आता गंधक जवळजवळ कोणीच गंधकासाठी काढत नाही, आणि म्हणून त्याचा भाव फार विचित्र वागतो. मागणी वाढली म्हणून कोणी जास्त तेल गाळत नाही; मागणी पडली म्हणून कोणी शुद्धीकरण थांबवत नाही. जगातल्या गंधकाम्लाचा निम्म्याहून मोठा भाग फॉस्फेट खतांना लागतो. 2008 च्या मध्यावर खतांची मागणी उसळली तेव्हा गंधक टनाला 800 डॉलरच्या घरात गेले आणि वर्ष संपता संपता 100 च्या खाली आले. मेक्सिकोपासून कझाकस्तानपर्यंत कोणाच्याही खर्चाशी त्या दोन्ही आकड्यांचा संबंध नव्हता. आल्बर्टात कित्येक वर्षे वाहतुकीचा खर्चही सुटत नसल्याने गंधक ठोकळे ओतून तसेच रचून ठेवत. अलीकडे इंडोनेशियात बॅटऱ्यांसाठी निकेल काढायला गंधकाम्ल लागू लागले आहे आणि खतकारखान्यांना नवा स्पर्धक मिळाला आहे.

भारतातल्या खरेदीदारासाठी दर महिन्याला गंधकाचा दर जाहीर होतो तो अबू धाबीच्या सरकारी तेल कंपनीकडून. तिथल्या शाह आणि हबशान या वायूप्रकल्पांतून निघालेले गंधक वाळवंटातून रुवैस बंदरात आणण्यासाठी मुद्दाम लोहमार्ग टाकला गेला. संयुक्त अरब अमिरातीतल्या एतिहाद रेल्वेचा तो पहिला टप्पा. रोज हजारो टन दाणेदार गंधक त्यावरून धक्क्यावर येते आणि तिथून पारादीपच्या, मोरोक्कोच्या, चीनच्या खतकारखान्यांकडे जाते.